ध्यानाला बसल्यावर लक्ष नेमकं ठेवायचं कशावर?

ध्यान शिकायला निघालेल्या जवळजवळ प्रत्येकाचा पहिला प्रश्न हाच असतो, आणि त्याला उत्तरं इतकी मिळतात की माणूस बसायच्या आधीच दमतो. एका व्हिडिओत सांगतात श्वास बघा, दुसऱ्यात सांगतात दोन भुवयांच्या मध्ये बघा, शेजारचे काका म्हणतात नाम घ्या बाकी सगळं थोतांड, ऑफिसच्या वेलनेस सेशनला आलेल्या मॅडम पायाच्या अंगठ्यापासून सुरू करून हळूहळू वर यायला सांगतात, आणि कुणीतरी भेटतोच जो समईच्या ज्योतीकडे टक लावून बसायला सांगतो. आणि प्रत्येकाचा सूर असा की बाकीच्यांनी तुम्हाला आजवर फसवलंय.

गंमत अशी की ज्या पतंजलींचं नाव घेऊन हे सगळे बोलतात त्यांनी स्वतः कधी एकाच गोष्टीचा हट्ट धरलेला नाही. योगसूत्रांच्या पहिल्या पादात ३३ ते ३९ ही सूत्रं काढून बघा, मन स्थिर करायचे पर्यायच पर्याय आहेत. मैत्री-करुणा वगैरे भावना, श्वास बाहेर सोडून थांबवणं, एखाद्या इंद्रियाचा सूक्ष्म अनुभव, आतला प्रकाश, ज्याचे राग-लोभ गळून पडलेत अशा माणसाचं चित्त, स्वप्नातून किंवा झोपेतून मिळालेला अनुभव, आणि शेवटी ३९व्या सूत्रात तर 'यथाभिमतध्यानाद्वा', म्हणजे तुला जे रुचेल त्याचं ध्यान कर, झालं! पण ही सगळी यादी सुरू व्हायच्या आधी ३२व्या सूत्रात एक अट घालून ठेवलीय, की अभ्यास एकाच तत्त्वाचा करायचा. लोकांना ३९वं सूत्र फार आवडतं आणि ३२वं कुणी वाचत नाही. मोकळीक निवडण्यापुरती आहे, सोमवारी श्वास मंगळवारी चक्र बुधवारी मेणबत्ती अशी नाही.

मग निवडायचं कसं? त्यासाठी आधी हे आलंबन (ज्यावर लक्ष टेकवायचं ती गोष्ट, एवढंच) करतं काय ते बघू. बहुतेकांची समजूत अशी असते की आलंबन चांगलं मिळालं की मन त्याला चिकटून बसेल आणि भटकायचं थांबेल, आणि मग भटकलं की वाटतं आपल्याला जमत नाही, किंवा हे आलंबन आपल्याला सूट होत नाही, चला दुसरं शोधू. आता मन भटकणं किती नॉर्मल आहे बघा. २०१० साली हार्वर्डच्या दोन संशोधकांनी फोनवरच्या ॲपमधून दोन हजारांहून जास्त लोकांना दिवसात अधूनमधून विचारलं, की या क्षणी तुम्ही काय करताय आणि तुमचं मन कुठे आहे. जवळपास ४७ टक्के वेळा लोकांचं मन हातातल्या कामावर नव्हतंच. म्हणजे दिवसभर अर्धा वेळ जे मन बाहेर असतं त्याला डोळे मिटून मांडी घातली म्हणून एकदम गुणी बाळासारखं वागायला सांगणं जरा जास्तच आहे.

ध्यानात खरं काय घडतं तर चार गोष्टी गोल गोल फिरत राहतात: लक्ष ठेवलं, लक्ष सुटलं, सुटल्याचं कळलं, परत आणलं. २०१२ साली अमेरिकेतल्या एमोरी विद्यापीठात सराव असलेल्या साधकांना एमआरआय मशीनमध्ये झोपवून श्वासावर लक्ष ठेवायला सांगितलं आणि मन भटकल्याचं ध्यानात आलं की बटण दाबायचं असं ठरवलं. भटकताना, कळताना आणि परत आणताना मेंदूत वेगवेगळी जाळी कामाला लागतात असं त्यात दिसलं. मला त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते ती बटणाची. सराव असलेल्या लोकांनाही बटण लागलंच! फरक सुटल्याचं कळायला किती वेळ लागतो त्यात असतो, नवख्या माणसाला दहा मिनिटांनी कळतं की आपण श्वास सोडून पुढच्या महिन्याचा ईएमआय मोजत बसलोय, आणि मुरलेल्याला दोन श्वासात कळतं.

गुरांच्या गळ्यात घंटा बांधतात त्याने गुरं पळायची थांबत नाहीत, कुठल्या झुडपात शिरलीत ते कळतं, आलंबनाचं कामही साधारण तेवढंच. म्हणून माझ्या मते निवडताना एकच प्रश्न विचारावा: हे सुटलं की मला लवकर कळतं का? बाकी ते किती पवित्र आहे, किती जुनं आहे, कुठल्या सेलिब्रिटीने सांगितलंय, हे नंतर.

आता या कसोटीवर एकेक घेऊन बघू.

श्वास सगळ्यात लोकप्रिय आहे त्याला कारणं आहेत. कायम सोबत असतो, पैसे पडत नाहीत, कुठल्या धर्माचा नाही, आणि त्याच्याशी आपल्या कुठल्या आठवणी जोडलेल्या नसतात, म्हणजे लक्ष ठेवलं तर त्यातून गोष्ट सुरू होत नाही. महाराष्ट्रात आनापान (म्हणजे येत्या-जात्या श्वासावर लक्ष ठेवणं) बऱ्याच जणांना माहीत आहे ते इगतपुरीमुळे. सत्यनारायण गोयंका ब्रह्मदेशातून विपश्यना घेऊन आले आणि १९७६ पासून तिथल्या धम्मगिरीत शिबिरं चालतात, दहा दिवसांच्या शिबिरात पहिले तीन दिवस नुसता श्वास, तोही नैसर्गिक, जसा येतोय तसा, नाकपुड्यांच्या आणि वरच्या ओठाच्या भागात. चौथ्या दिवशी विपश्यना, म्हणजे अंगभर संवेदना बघणं, सुरू होते. तीन दिवस फक्त एवढ्याशा जागेकडे बघत बसायचं म्हटल्यावर लोक वैतागतात, पण कारण साधं आहे, जागा जितकी लहान तितकं लक्ष धारदार होतं.

पण श्वासाची अडचण अशी की तो बारीक आहे. मन जरा शांत झालं की श्वासही हळू होतो, आणि मग काही जणांना वाटतं श्वास बंदच पडला, आणि घाबरून मोठा श्वास घेतात. (बंद पडत नाही. थांबा, पुन्हा जाणवतो.) दुसरं, नुसतं बघायला सांगितलं तरी आपण तो ओढायला लागतो, बघितल्या बघितल्या श्वास 'करायला' लागणं हे जवळजवळ सगळ्यांचं होतं, त्याचं टेन्शन घेऊ नका. तिसरं, एका नाकपुडीत काहीच कळत नाही अशी तक्रार फार असते. सर्दी नसतानाही एका बाजूची आतली त्वचा जरा फुगलेली आणि दुसरी मोकळी असते आणि काही तासांनी हे आपोआप उलटतं, त्यामुळे आज उजवीकडे जाणवतंय आणि काल डावीकडे जाणवत होतं यात काही गूढ शोधू नका, ना चंद्रनाडी उघडली म्हणून पेढे वाटा.

आणि मुख्य म्हणजे आपल्या कसोटीवर नुसता श्वास नवख्याला जरा कच्चाच पडतो. सुटला तरी मागे काही खूण राहत नाही, आणि श्वास तर चालूच असतो! म्हणून जुन्या लोकांनी त्याला मोजणी जोडली. पाचव्या शतकात श्रीलंकेत बुद्धघोष नावाचे भिक्खू होऊन गेले, त्यांनी विसुद्धिमग्ग लिहिला, त्यात सांगितलंय की मोजताना पाचाच्या आधी थांबू नये आणि दहाच्या पुढे जाऊ नये. झेनमध्येही एक ते दहा मोजून परत एकवर येतात. यातली खुबी करून बघितल्याशिवाय कळत नाही: मोजता मोजता अचानक तुम्ही सतरावर असता, आणि सतरा ऐकू आलं की कळतं, अरे आपण इथे नव्हतोच. आकड्याने चुगली केली. प्रौढ माणूस मिनिटाला साधारण बारा ते वीस श्वास घेतो, म्हणजे दहाची एक फेरी अर्ध्या ते पाऊण मिनिटात होते, लहान आहे, म्हणून पकडही लवकर येते. नाकाशी काही केल्या जाणवत नसेल तर पोटावर घ्या, ब्रह्मदेशातल्या महासी सयाडो यांच्या पद्धतीत पोटाचं वर येणं आणि खाली जाणं हेच मुख्य आलंबन आहे, आणि पोट नाकापेक्षा ढोबळ असल्यामुळे सुरुवातीला पटकन सापडतं. मात्र एक लक्षात ठेवा, शिबिरात गेलात तर तिथली पद्धत तिथे पाळा, गोयंकांच्या पद्धतीत मोजणी नाही, मंत्र नाही, म्हणजे नाही. तिथे बसून आपली मिसळ करू नका.

आता नाम. आपल्याकडे बहुतेक घरात आजी-आजोबांकडे जपमाळ असतेच आणि त्यामुळे मराठी माणसाला ही वाट परकी वाटत नाही. सातारा जिल्ह्यातल्या गोंदवल्याचे ब्रह्मचैतन्य महाराज (१८४५ ते १९१३) आयुष्यभर 'श्रीराम जय राम जय जय राम' या तेरा अक्षरी मंत्राचाच प्रसार करत राहिले, आणि समर्थांनी नाशिकजवळ टाकळीला याच मंत्राचा तेरा कोटी जप केला असं परंपरा सांगते. नामाचा फायदा असा की ते श्वासापेक्षा जाडजूड आहे, त्याला आवाज आहे लय आहे, चिंताग्रस्त डोक्याला पकडायला काहीतरी मिळतं. बसमध्ये उभं राहून, भाजी चिरताना, कुठेही होतं.

पण तोटाही तिथेच आहे. सवय झाली की नाम ऑटोमॅटिक चालतं. ओठ हलतायत, मणी सरकतायत, माळ पूर्ण झाली, आणि डोक्यात मात्र सुनेने कालच्या आमटीत काय कमी घातलं याची पूर्ण सुनावणी होऊन निकाल पण लागलाय. म्हणजे आलंबन सुटलं आणि कळलंच नाही, कारण ते वरवर चालूच होतं. त्यावर उपाय आहेत. वेग कमी करा. मनातल्या मनात घेत असाल तर ते बोलण्यापेक्षा ऐका, प्रत्येक अक्षर ऐकू आलं पाहिजे, एक निसटलं तरी पुन्हा पहिल्यापासून. किंवा श्वासाला जोडा, सोहम् ची पद्धत तीच आहे, आत येताना सो आणि बाहेर जाताना हम्, मग दोन्हीपैकी एक बिघडलं की दुसरं सांगतं. इथे एक सांगितलं पाहिजे, भक्तीने नाम घेणाऱ्याचा हिशोब वेगळा आहे, त्याला एकाग्रता मिळवायची नसते, त्याला त्या नावाजवळ राहायचं असतं, त्यामुळे आजीला जाऊन 'तुझं आलंबन ऑटोपायलटवर आहे' वगैरे शहाणपणा शिकवू नये.

मंत्रात जादू शब्दाची की आवर्तनाची, हा वाद मिटणारा नाही. १९७०च्या दशकात हार्वर्डचे डॉक्टर हर्बर्ट बेन्सन यांनी मंत्रध्यान करणाऱ्यांवर प्रयोग केले आणि मग लोकांना नुसता 'वन' हा इंग्रजी आकडा श्वास सोडताना मनात म्हणायला सांगून बघितलं, तरी शरीर शिथिल होताना दिसलं. त्यावरून शरीर शांत व्हायला ठरावीक बीजमंत्र लागतोच असं काही दिसत नाही. श्रद्धा असेल तर जरूर आवडीचं नाव घ्या, त्याने बसायची ओढ टिकते आणि ती फार मोठी गोष्ट आहे. नसेल तर उधारीची श्रद्धा आणू नका.

डोळ्यांच्या आलंबनांबद्दल जरा थोडक्यात. त्राटकाचं कौतुक फार होतं पण हठयोगप्रदीपिकेत ते षट्कर्मांमध्ये येतं, म्हणजे धौती-नेतीच्या पंगतीत, शुद्धीची क्रिया म्हणून, डोळ्यात पाणी येईपर्यंत एका बारीक लक्ष्याकडे बघायचं. ज्योत चांगली आहे, नजर हलली की लगेच कळतं, कसोटीला उतरते. पण पंखा बंद करावा लागतो, डोळे कोरडे पडतात, आणि ज्यांना डोळ्यांचा काही आजार आहे, मायग्रेन आहे किंवा फिट येतात त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय लपलपत्या ज्योतीच्या भानगडीत पडू नये. बौद्ध परंपरेत ज्योतीऐवजी मातीची तबकडी पण आहे, तिला पृथ्वी कसिण म्हणतात, पहाटेच्या तांबूस रंगाची माती घेऊन एक वीत चार बोटं रुंद गोल लिंपायचा, अडीच हातांवर बसायचं, बघायचं, डोळे मिटायचे, आणि हे तोपर्यंत करायचं जोपर्यंत मिटल्या डोळ्यांनी ती तशीच दिसत नाही.

आणि इथेच अनेकांची गाडी अडते. विठ्ठलाचं रूप डोळ्यांसमोर आणा म्हणतात आणि काही जणांना डोळे मिटल्यावर नुसता काळोख दिसतो, मग वाटतं आपली श्रद्धा कमी, आपलं पुण्य कमी. असं काही नाही हो. काही माणसांच्या मनात चित्रं तयारच होत नाहीत, जन्मापासून, त्यांना आईचा चेहरा आठवतो पण 'दिसत' नाही. इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठातल्या ॲडम झीमन आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली याला अफँटेशिया असं नाव दिलं. हा आजार नाही, नुसता वेगळेपणा आहे. अशा माणसाने मूर्ती समोर ठेवून उघड्या डोळ्यांनी बघावं किंवा सरळ नाम आणि श्वासाकडे वळावं, काळोखात विठ्ठल शोधत वर्षं घालवू नयेत.

आवाजाचं म्हणाल तर तानपुऱ्याचं ॲप लावून बसणारे खूप आहेत, छान वाटतं हे खरं, पण एकसारखा आवाज कान थोड्या वेळाने ऐकायचंच सोडून देतो, पंख्याची घरघर जशी ऐकू येईनाशी होते तसं, आणि मग सुटलं तरी पत्ता लागत नाही. त्यापेक्षा घंटा किंवा वाटीचा टोल बरा. वाजवायची, आवाज विरत विरत संपेपर्यंत ऐकायचा, पुन्हा वाजवायची. संपतो म्हणून कळतं की आपण शेवटपर्यंत होतो का नाही.

इथपर्यंत सगळं आलंबनाबद्दल झालं, पण माणूस कसा आहे हा अर्धा प्रश्न राहिलाच. बुद्धघोषांनी चाळीस आलंबनं मोजली आहेत आणि माणसांचे सहा स्वभाव: रागाचा म्हणजे आसक्तीचा जोर असलेला, द्वेषाचा, मोहाचा, श्रद्धेचा, बुद्धीचा आणि वितर्काचा. चिडक्या माणसाला मैत्रीभावना किंवा रंगांची कसिणं, श्रद्धाळूला बुद्धाचं वगैरे स्मरण, तल्लख बुद्धीच्या माणसाला मरणाचं स्मरण, आणि गोंधळलेल्या किंवा सारखा विचार करणाऱ्याला श्वास. आज फोन हातात असलेले आपण सगळेच त्या शेवटच्या खान्यात बसतो असं मला वाटतं, म्हणून श्वास सगळीकडे चालतोय बहुतेक.

धम्मपदाच्या अट्ठकथेत (म्हणजे जुन्या टीकेत) यावर मस्त गोष्ट आहे. बुद्धांचे पट्टशिष्य सारिपुत्त यांच्याकडे एक तरुण शिष्य आला, पूर्वी सोनार घराण्यातला. सारिपुत्तांनी विचार केला, तरुण आहे म्हणजे वासना असणार, आणि त्याला शरीराच्या घाणेरडेपणाचं, अशुभाचं ध्यान दिलं. पोराचं मन काही लागेना. शेवटी ते त्याला बुद्धांकडे घेऊन गेले, आणि बुद्धांनी काय दिलं तर एक सोन्याचं कमळ, हे वाळूच्या ढिगावर रोव आणि 'लोहितकं, लोहितकं' (लाल, लाल) म्हणत बघत बस. जन्मोजन्मी सोनं घडवलेला माणूस, सुंदर वस्तूवर त्याचं मन झटक्यात लागलं, आणि मग ते कमळ त्याच्या डोळ्यांदेखत कोमेजलं तेव्हा अनित्यही समजलं. सारिपुत्तांसारख्याचासुद्धा अंदाज चुकू शकतो ही गोष्ट त्याच परंपरेने जपून ठेवली हे मला फार आवडतं. तशीच चूळपंथक नावाच्या भिक्खूची. चार महिन्यात एक गाथा पाठ होईना म्हणून सख्ख्या भावाने संघातून जायला सांगितलं, आणि बुद्धांनी त्याला पाठांतर बाजूला ठेवून पांढरं फडकं दिलं, हाताने चोळत 'रजोहरणं' (मळ काढणारं) म्हणत बस. हाताच्या घामाने फडकं मळत गेलं आणि तेवढ्यावर त्याचं काम झालं. हातांनी करण्याचं आलंबन डोक्याच्या आलंबनापेक्षा कमी दर्जाचं नसतं, शिवणकाम-विणकाम करणाऱ्या बायकांना हे कुणी सांगायची गरज नाही.

चुकीचं आलंबन नुसतं निरुपयोगी नसतं, कधी त्रासही देतं. वैशालीजवळ भिक्खू अशुभ ध्यान करत असताना काहींना आपल्याच शरीराची इतकी शिसारी आली की त्यांनी जीवन संपवलं, आणि त्यानंतर बुद्धांनी संघाला आनापान शिकवलं असं संयुत्त निकाय या पाली ग्रंथात येतं. आज असं टोकाचं आलंबन कुणी नवख्याला देत नाही, पण श्वाससुद्धा सगळ्यांना मानवतो असं नाही. दमा असलेले, पॅनिक अटॅक येऊन गेलेले, छातीवर लक्ष नेलं की धडधड वाढणारे लोक असतात, त्यांना 'अजून थोडं बसा, निघून जाईल' हा सल्ला अगदी चुकीचा आहे. अशांनी लक्ष शरीराच्या कडेला न्यावं, तळपाय जमिनीला टेकलेत ते, किंवा मांडीवर ठेवलेले तळहात, किंवा डोळे उघडे ठेवून बाहेरचे आवाज. आणि जुन्या आघाताच्या आठवणी वर यायला लागल्या, झोप उडाली, तर थांबायचं आणि मानसोपचार करणाऱ्या डॉक्टरशी बोलायचं, यात ध्यानाचा काही अपमान नाही.

तर प्रत्यक्षात करायचं काय? दोन-तीन आलंबनं निवडा, माझ्या मते मोजणीसह श्वास, हळू घेतलेलं नाम आणि पोट किंवा तळहात, आणि प्रत्येकाला सलग काही दिवस द्या, वेळ तीच, जागा तीच, पंधरा मिनिटं पुरेत. उठल्यावर छान वाटलं का हे विचारू नका, ते झोपेवर, जेवणावर आणि सकाळी कुणाशी वाजलं यावर ठरतं. विचारायचं एवढंच की सुटल्याचं किती वेळा कळलं. 'आज वीस वेळा सुटलं' म्हणून रडणाऱ्याचं खरं तर वीस वेळा लक्षात आलंय, आणि 'आज एकदाही मन हललं नाही' म्हणणाऱ्याने बहुतेक डुलकी काढलेली असते. ज्यात लवकर कळतं ते ठेवा आणि निदान काही महिने तेच. कंटाळा आला म्हणून बदलू नका, कंटाळा प्रत्येक आलंबनाचा येतो, साधारण नवलाई संपली की लगेच. त्रास होतोय म्हणून मात्र जरूर बदला. आणि घेऊ नयेत अशा गोष्टी म्हणजे ज्यांच्या मागे मोठी गोष्ट लपलेली आहे त्या: गेलेल्या माणसाचा चेहरा, ज्याच्यावर जीव जडलाय तो, किंवा तुमचं एखादं स्वप्न, व्हिजन बोर्डवरचं घर वगैरे. त्यावर लक्ष छान लागतं, प्रश्नच नाही, पण तासभर त्या घरात फर्निचर लावत बसलात तर ते सुटलं कधी हे विचारायला तुम्ही जागेवर नसता.